झडती घराची आणि मनाची

नवदीक्षित बंधुभगिनींनो, सरकारी पाळतीचा विषय निघाला की आपल्यातील पुष्कळजण सहज बोलून जातात, "आपण गरीब माणसे, आपल्यापाशी लपविण्यासारखे काय आहे?" हा प्रश्न भोळा आहे, तितकाच घातकही आहे.

१९४७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. शरीर, घर, कागदपत्रे व चीजवस्तू यांची अवाजवी झडती वा जप्ती होऊ नये, हा त्यात त्यांनी मूलभूत हक्क म्हणून मागितला. ते निवेदन शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे होते, वाडेवाल्यांचे नव्हे! ज्यांच्या दाराला धड कडीसुद्धा नव्हती, त्यांच्यासाठी ही मागणी होती.

घटनेत मात्र ते कलम आले नाही. पुढे १९६२ साली खरक सिंग खटल्यात पोलिसांनी रात्री-अपरात्री घरी येणे सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरविले. पण खाजगीपणा हा मूलभूत हक्क नाही, असेही बहुमताने म्हटले. ही चूक दुरुस्त व्हावयास २४ ऑगस्ट २०१७ हा दिवस उजाडावा लागला. पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी तो हक्क एकमताने मान्य केला. धर्म निवडणे, आणि ती निवड जगास सांगणे वा न सांगणे, हेही त्यात येते, असे न्या. चंद्रचूड यांच्या निकालपत्रात आहे. हे वाक्य आपल्यासाठीच आहे. कारण एप्रिल २०२४ मध्ये गुजरात सरकारने परिपत्रक काढून, हिंदू धर्मातून बौद्ध धर्मात जाण्यास जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागेल, असे बजावले. १९५६ साली नागपुरास लाखो लोकांनी दीक्षा घेतली, ती कोणत्या कचेरीत अर्ज करून?

आता आपली कागदपत्रे ट्रंकेत नसतात, मोबाईलमध्ये असतात. विहाराच्या बैठकीचा निरोप, दीक्षेची छायाचित्रे, वकिलाशी झालेले बोलणे, सारे तेथेच. पेगॅसस प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २९ मोबाईल तपासले. पाचांत घातक प्रणाली आढळली. ती पेगॅससच होती असे सिद्ध झाले नाही, मात्र केंद्र सरकारने समितीस सहकार्य केले नाही, हे २०२२ साली न्यायालयातच सांगण्यात आले.

प्रजेचे गुपित असे उघडे; मग जो शासनाच्याच कारभारातील लबाडी उघड करतो, त्याचे नाव तरी सुरक्षित राहते काय? सत्येंद्र दुबे या अभियंत्याने २००२ साली महामार्गाच्या कामातील भ्रष्टाचार पंतप्रधानांच्या कार्यालयास पत्राने कळविला. नाव गुप्त ठेवावे, ही त्यांची विनंती होती. ती पाळली गेली नाही. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेस त्यांचा खून झाला. (खून लुटीसाठी झाला, असे तपास यंत्रणेचे म्हणणे, पण नाव फुटले, हे त्याने पुसले जात नाही.) अशा माणसांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ साली संमत केला आणि तो वर्षानुवर्षे अंमलात न आणता ठेवून दिला. उद्या वसतिगृहाच्या अनुदानातील चोरी उघड करणारा तरुण आपल्याच वस्तीतला असेल, हे ध्यानी घ्या.

पोलीस झडतीस आले तर त्यांस अडवू नका. परंतु आपण हजर राहा. मोबाईल नेला तर जप्तीच्या यादीत त्याची नोंद करवून घ्या व यादीची प्रत मागा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे झडतीचे चित्रीकरण आवश्यक आहे. ते होत नसेल तर तसे पंचांसमक्ष बोलून दाखवा. मिळालेली प्रत जपून ठेवा. न्यायालयात वकिलाच्या हाती पहिला कागद तोच लागतो.