रोप तेच, मग फळ निराळे का?

चांगल्या झाडाचे रोप लावले की फळही तसेच येणार, हा आपला हिशेब. मलेशियातल्या तेलताडाच्या मळेवाल्यांनी तोच केला होता. भरपूर तेल देणारे ताड निवडून त्यांच्या पेशींपासून प्रयोगशाळेत रोपे वाढवली. आपल्याकडे केळीची वाढवतात तशीच. पण काही झाडांना फळे आली ती वेडीवाकडी, भोवती जादा कप्पे फुटलेली, तेलाला उणी. आणि हे कळणार कधी? लावणीनंतर २-३ वर्षांनी, फुलोरा आल्यावर! तोवरचे खत, मजुरी, जागा सारे वाया.

जनुके तर मूळ झाडाचीच होती. मग बिघडले कुठे? मलेशियाच्याच पाम तेल मंडळातील शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली याचा उलगडा केला.

पेशीत सगळी जनुके असतात, पण सगळीच बोलत नाहीत. डीएनएच्या साखळीवर जागोजागी मिथाइल नावाचा गट चिकटतो. एक कार्बन, तीन हायड्रोजन, एवढासा त्याचा जीव! जिथे तो दाट बसतो तो भाग बहुधा गप्प राहतो. पोथीतले अक्षर तेच, फक्त पान बासनात बांधलेले.

तेलताडात फूल घडवणाऱ्या एका जनुकाच्या पोटात एक उपरा तुकडा असा झोपवलेला असतो. बाटलीत वाढताना काही रोपांत त्याच्यावरचे मिथाइल गळाले, तुकडा जागा झाला आणि फुलाची घडण बिघडली. या तुकड्याचे नाव शास्त्रज्ञांनी ठेवले आहे ‘कर्म’! आता पानाचा लहानसा तुकडा तपासून असे रोप लावणीआधीच बाजूला काढता येते.