केवळ खताने कलम जगत नाही

धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. या रस्त्यांवरच्या अपघातात नडगीचे हाड मोडणे ही खानदेशातील घरांना नवी गोष्ट नाही. सळई घालून होते, महिने उलटतात, तरी काही वेळा हाड जुळत नाही. मग डॉक्टर कमरेच्या हाडाचा थोडा भाग काढून मोडलेल्या जागी भरायला सुचवतात. हेच हाडाचे कलम. हल्ली त्यासोबत ‘ग्रोथ फॅक्टर’ हा शब्दही कानावर पडतो. त्याने हाड लवकर भरते असे कळले की घरातली माणसे दागिन्यांकडे आणि सातबाऱ्याकडे पाहू लागतात. माझे म्हणणे एवढेच, की त्याआधी थोडे थांबावे.

हे शास्त्र खोटे नव्हे. १९६५ साली मार्शल युरिस्ट या अमेरिकन शल्यविशारदाने आम्लाने क्षार काढून टाकलेले हाड प्राण्यांच्या स्नायूत ठेवले, तर तिथे नवे हाड तयार झाले. हाडातच पेशींना ‘इथे हाड बांधा’ असा निरोप देणारे प्रथिन असते, हे त्यातून पुढे आले. पुढे ते प्रयोगशाळेत बनवता येऊ लागले. अमेरिकेत २००२ साली मणक्याच्या एका शस्त्रक्रियेसाठी आणि २००४ साली नडगीच्या उघड्या फ्रॅक्चरसाठी त्याला मान्यता मिळाली.

पण कौतुक फार काळ टिकले नाही. मानेच्या शस्त्रक्रियेत ते वापरल्यावर घशाला सूज येऊन श्वास अडकल्याच्या तक्रारी आल्या आणि २००८ साली तिथल्या औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला. २०१३ साली त्रयस्थ संशोधकांनी सगळी माहिती पुन्हा तपासली, तेव्हा मणक्याच्या बाबतीत हे महागडे प्रथिन रुग्णाच्या स्वतःच्या हाडापेक्षा फारसे सरस ठरले नाही.

त्यात नवल नाही. कमरेच्या हाडात जिवंत पेशी, त्यांना आधार देणारा सांगाडा आणि निरोप देणारी प्रथिने असे तिन्ही असते. बाटलीत फक्त निरोप असतो. कमरेला दुसरी जखम होते, ती दुखते, आणि हाडही हवे तेवढे मिळत नाही, हे खरे. म्हणून काही निवडक रुग्णांना नव्या उपायाचा उपयोग होऊ शकतो. स्वतःच्याच रक्तातील प्लेटलेट वेगळ्या काढून हाडात सोडण्याचा उपाय त्यामानाने स्वस्त आहे. पण न जुळलेल्या हाडाबाबत त्याच्याही यशाची खात्री देता येत नाही.

रावेर-यावलच्या केळी बागायतदाराला हे वेगळे समजावायला नको. खत कितीही भारी असो, मुळाशी ओल नसेल आणि झाड वाऱ्याने हलत राहिले तर घड भरत नाही. हाडाचेही तसेच. रक्तपुरवठा हवा, मोडलेले भाग घट्ट धरलेले हवेत, जखमेत पू नको, मधुमेह ताब्यात हवा. आणि तंबाखू सुटायला हवी. विडी-सिगारेटने हाड जुळायला उशीर होतो, हे वारंवार दिसून आले आहे. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी तोंडाचा कर्करोग सरला नाही. गाठ काढलेल्या जबड्यात हाड बसवायचे असेल, तर हे प्रथिन वापरू नये असे त्याच्या माहितीपत्रकातच बजावलेले आहे.

म्हणून नातेवाइकांनी संकोच न करता विचारावे: सळई घट्ट आहे ना? जंतुसंसर्ग तपासला का? स्वतःचे हाड का पुरणार नाही? या औषधाला नेमक्या याच वापरासाठी मान्यता आहे का? खर्च सरकारी योजनेत बसतो का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. आणि समाधान झाले नाही, तर धुळे किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दुसरे मत घेऊन यावे. न जुळलेल्या हाडाला आणखी चार दिवस थांबणे बहुधा परवडते. विकलेले शेत मात्र परत येत नाही.