हाताने बांधलेली चित्रवही

श्रुतपंचमीला मंदिरातील शास्त्रभांडार उघडले जाते, ग्रंथांवरील धूळ पुसली जाते आणि त्यांना नवी वेष्टने चढविली जातात. त्या वेळी एखादी जुनी हस्तलिखित पोथी जवळून पाहण्याचा योग आला, तर मजकुराबरोबरच तिच्या बांधणीकडेही अवश्य लक्ष द्यावे. ताडपत्राची पाने लांब आणि अरुंद. त्यांना छिद्र पाडून त्यातून दोरा ओवलेला. पुढे लेखनासाठी कागद आला, तरी पश्चिम भारतातील जैन लेखनिकांनी पोथीचा आडवा आकार सोडला नाही. दोरा ओवण्याची गरज संपल्यावरही पानाच्या मध्यभागी छिद्राची जागा राखून तेथे रंगीत ठिपका किंवा नक्षी काढण्याची प्रथा टिकली. बांधणीची आठवण अशी अलंकार होऊन उरली.

सुट्या पानांची पोथी ठवणीवर शोभते. प्रवासात मात्र शिवलेली वहीच उपयोगी पडते. म्हणूनच शास्त्रभांडारांत पोथ्यांच्या जोडीला लहान आकाराचे शिवलेले गुटके आढळतात, कीर्तनकारांजवळ बाडे असत आणि आपल्या पेढ्यांवर लाल कापडात शिवलेल्या, दोरीने गुंडाळून ठेवायच्या चोपड्या असत. या चोपड्यांच्या पाठीवर पांढऱ्या दोऱ्याचे टाके उघडे दिसतात. ती शिलाई लपविलेली नसते, कारण तिच्यात लपविण्यासारखे काही नसते. आज आपण जी चित्रवही बांधावयास शिकणार आहोत, ती या चोपडीचीच धाकटी बहीण आहे.

बाजारात इतक्या सुबक वह्या मिळत असताना हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनात येईल. केवळ डिंकाने पाठ चिकटविलेली वही सपाट उघडत नाही आणि चित्र काढणाऱ्याला तर दोन्ही पाने सपाट हवी असतात, हे त्याचे एक उत्तर. परंतु अधिक महत्त्वाचे उत्तर वेगळे आहे. आपल्या हातातील वस्तू कशाकशाची बनली आहे, हे आपल्याला सांगता आले पाहिजे. आहाराच्या बाबतीत आपण हा विवेक कसोशीने पाळतो. कागद, दोरा आणि चिकी यांच्या बाबतीत मात्र तो सहसा आपल्या मनातही येत नाही.

वहीबांधणीच्या रूढ साहित्याकडे या दृष्टीने पाहावे. वेष्टन चामड्याचे, चिकटविण्यासाठी जनावरांच्या कातड्यापासून व हाडांपासून काढलेला सरस, घडी दाबण्याची पट्टी हाडाची, उंची बांधणीत दोरा रेशमाचा आणि तो गुळगुळीत करण्यासाठी मधमाशांचे मेण. जलरंगासाठी वापरल्या जाणाऱ्या काही नामांकित कागदांवरही जिलेटिनची खळ दिलेली असते. तथापि यांतील एकही वस्तू अपरिहार्य नाही. चामड्याऐवजी जाड सुती कापड, सरसाऐवजी मैद्याची खळ, हाडाच्या पट्टीऐवजी चमच्याची पाठ, रेशमाऐवजी जाड सुती दोरा आणि मधमाशांच्या मेणाऐवजी साधी मेणबत्ती, एवढ्याने काम उत्तम होते. कागदासाठी सुती चिंध्यांपासून केलेला हातकागद घ्यावा. पुण्यातील हातकागद संस्थेत असा कागद तयार होतो. घेताना त्यावरील खळ कशाची आहे, एवढे विचारावयास संकोच करू नये.

आता प्रत्यक्ष कृती. प्रथम खळ करून घ्यावी. एक वाटी मैदा पाच वाट्या थंड पाण्यात गुठळी न राहू देता कालवावा आणि मंद आचेवर सतत ढवळत शिजवावा. मिश्रण दाट होऊन त्याला किंचित पारदर्शकता आली की उतरवून निववावे. कीड लागू नये म्हणून बांधणीकार पूर्वी खळीत मोरचूद घालीत. ते विषारी आहे; घरच्या वहीत त्याचे काम नाही. लागेल तेवढीच ताजी खळ करावी, ती पातळ लावावी आणि वही पूर्ण वाळल्यावरच वापरावी. पुढे वही कपाटात ठेवताना शेजारी वेखंडाची पुरचुंडी ठेवावी. हस्तलिखितांच्या भांडारांतून चालत आलेला हा उपाय कीटकांना दूर ठेवतो, मारीत नाही.

जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे दोन पदर खळीने एकमेकांवर चिकटवावेत आणि सपाट फळीवर, वर वजन ठेवून, रात्रभर वाळू द्यावेत. त्यातून ताठ तरीही वाकणारे वेष्टन तयार होते. ते १५.४ सेंटिमीटर उंच आणि सुमारे २९ सेंटिमीटर रुंद कापावे. डावीकडून पुढची बाजू १०.८, पाठ १.५ आणि मागची बाजू १०.८ सेंटिमीटर अशी आखणी करावी. उरलेले सुमारे ६ सेंटिमीटर कापड मागच्या बाजूने पुढे दुमडून झाकण म्हणून उपयोगी पडते.

ए-फोर आकाराचे कागद मधोमध कापून त्यांचे १५ अर्धे ताव करावेत. प्रत्येकाची घडी घातली की खिशात मावेल एवढा आकार होतो. यंत्रावर केलेल्या कागदात तंतू एका दिशेने असतात. ज्या दिशेने कागद सहज वळतो, त्याच दिशेला घडी यावी. अन्यथा ती फाटते आणि पाने पुढे वाकडी होतात. हातकागदात ही अडचण क्वचितच येते. तीन-तीन ताव एकात एक घालून पाच जुज, म्हणजे पानांच्या जुड्या, तयार कराव्यात. वहीची एकूण ६० पृष्ठे होतात.

प्रत्येक जुजाच्या घडीवर दाभणाने तीन छिद्रे पाडावीत: एक बरोबर मध्यावर आणि दोन्ही टोकांपासून २ सेंटिमीटर अंतरावर एकेक. वेष्टनाच्या पाठीवरही त्याच उंचीवर तीन-तीन छिद्रांच्या पाच उभ्या ओळी ३ मिलिमीटर अंतराने पाडाव्यात. दोरा ४० सेंटिमीटर घ्यावा. मधल्या छिद्रातून सुई आतून बाहेर काढावी, वरच्या छिद्रातून आत घ्यावी, आतल्या बाजूने मधले छिद्र ओलांडून खालच्या छिद्रातून बाहेर न्यावी आणि मधल्या छिद्रातून पुन्हा आत आणावी. दोऱ्याची दोन्ही टोके आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना ठेवून त्यावर पक्की गाठ मारावी. पाचही जुज असेच, परंतु प्रत्येक स्वतंत्र दोऱ्याने शिवावेत. एखादा दोरा तुटला तरी बाकीच्या चार जुजांना धक्का लागत नाही.

टाके ओढताना बळ वापरू नये. दोरा घडीच्या दिशेने हळू ओढावा, आडवा ओढल्यास कागद फाटतो. यत्नाचार हा शब्द आपण चालण्या-बोलण्यासंबंधी ऐकत आलो आहोत. त्याचा अर्थ बोटांना समजावा, असे हे काम आहे. जुजांची एकत्रित जाडी सुमारे १ सेंटिमीटर भरते, पाठ मात्र दीड सेंटिमीटर ठेवली आहे. हा ढिलेपणा हेतुपुरस्सर आहे. रंग बसले की पाने फुगतात, मध्ये एखादे वाळलेले पान चिकटविले जाते, आणि वही भरत जाईल तशी तिला जागा लागते.

विकतच्या देखण्या वहीचे पहिले पान पुष्कळदा कोरेच राहते, कारण ते बिघडेल याची भीती वाटते. आपण बांधलेल्या वहीबद्दल ती भीती उरत नाही. ती कशाने बनली हे आपल्याला ठाऊक असते, एखादा जुज बिघडला तर तो उसवून नवा कसा घालावा हेही ठाऊक असते. अशी वही वेरूळला इंद्रसभेच्या पायरीवर बसून उघडावी, खांबावरील एखादी वेल दहा मिनिटे निरखावी आणि जमेल तशी उतरवावी. हात थरथरला तरी चालेल. त्या दहा मिनिटांत डोळ्यांनी जे पाहिले, ते घाईत काढलेल्या शंभर छायाचित्रांत पाहिले जात नाही.

येत्या सुटीत घरातील मुलांना जवळ बसवून ही वही अवश्य करावी. खळ आजीने शिजवावी, ताव मुलांनी मोजावेत, दाभण मोठ्यांनी हाती धरावे. आणि वही पूर्ण झाल्यावर तिला काचेच्या कपाटात ठेवू नये. त्याच दिवशी तिचे पहिले पान रंगवावे.