एक्स-रे नॉर्मल, तरी मान महिनोन्‌महिने का दुखते? एक्स्प्रेसवेवरच्या अपघातांची न मोजलेली बाजू

26 जुलै 2025. लोणावळ्याचा घाट उतरून मुंबईकडे जाणाऱ्या लेनवर, खोपोलीजवळ एका कंटेनरचे ब्रेक निकामी झाले. त्याने 20च्या आसपास वाहनांना धडक दिली, एका महिलेचा मृत्यू झाला. बातम्यांत मृत आणि जखमींचे आकडे आले. पण अशा साखळी अपघातांत आणखी एक गट असतो. 'काही झालं नाही' म्हणत स्वतःच्या पायांनी घरी जाणाऱ्यांचा.

यातल्या काहींची मान दुसऱ्या दिवशी धरते. याला व्हिपलॅश म्हणतात.

नेमकं काय होतं?

मागून धडक बसली की सीट धडाला पुढे ढकलते, डोकं मात्र क्षणभर मागेच राहतं आणि मग झटक्यात पुढे येतं. स्नायू, लिगामेंट, मणक्यांमधले छोटे सांधे ताणले जातात. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, ही इजा नाही. 2008च्या एका आंतरराष्ट्रीय आढाव्यानुसार, सुमारे निम्म्या रुग्णांना वर्षभरानंतरही त्रास होता. म्हणजे 'नाटक करतोय' हा घरातला आणि ऑफिसातला शेरा बहुतेक वेळा चुकीचाच.

आपल्याकडे मान दुखली की पहिला उपाय गळ्यातला पट्टा. फ्रॅक्चर नसेल तर तो फार दिवस लावू नये, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू हालचाल सुरू करावी, असं आता मानलं जातं. हाताला मुंग्या, अशक्तपणा, चालताना तोल जाणं किंवा लघवीवरचा ताबा सुटणं, यातलं काही असेल तर लगेच हॉस्पिटल गाठावं.

मग भरपाईचं काय?

इथे खरी अडचण आहे. मे 2025पासूनच्या केंद्राच्या कॅशलेस योजनेत दीड लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण अपघातानंतरचे 7 दिवसच. व्हिपलॅशचा खर्च फिजिओथेरपीचा, आणि तो त्यानंतरच वाढतो. मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा करायला कायद्यात 6 महिन्यांची मुदत आहे. ही अट सुप्रीम कोर्टात आव्हानाखाली असून, केवळ उशिरामुळे दावे फेटाळू नका, असा अंतरिम आदेश कोर्टाने नोव्हेंबर 2025मध्ये दिला. अपंगत्व किती टक्के यापेक्षा त्यामुळे कमाई किती बुडाली हे महत्त्वाचं, हे कोर्टाने 2010च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार खटल्यात सांगितलंय. दिवसभर स्टिअरिंग धरणाऱ्या टुरिस्ट टॅक्सीवाल्यासाठी हा मुद्दा मोठा आहे.

फक्त दुखणं अपघाताचंच आहे हे दाखवावं लागतं. त्यासाठी पहिल्या एक-दोन दिवसांतला, तारीख आणि 'मानदुखी' लिहिलेला ओपीडीचा कागद जपून ठेवा.