नागटिब्ब्यावर संध्याकाळ लवकर होते

नाताळची सुट्टी जवळ आली की अनेक मराठी घरांतल्या पायांना भिंगरी लागते. ज्यांची मुलं कळसूबाई, राजगड, हरिश्चंद्रगड चढून आली आहेत, त्या घरांत अलीकडे आणखी एक नाव ऐकू येतं, नागटिब्बा. मसुरीला जायचंच आहे, मग तिथून जवळ एका दिवसात बर्फातलं शिखर होत असेल तर ते का सोडा, असा सरळ हिशेब असतो. हिशेबात तशी खोट नाही. फक्त त्यात संध्याकाळ धरायची राहून जाते.

हिमालयाच्या मुख्य रांगेच्या दक्षिणेला ज्या खालच्या रांगा आहेत, त्यांत धौलाधार आणि पीरपंजाल यांच्या जोडीनं नागटिब्बा रांगेचं नाव घेतात. त्याच नावाचं शिखर उत्तराखंडच्या टिहरी गढवाल जिल्ह्यात आहे. उंची ३,०२२ मीटर, म्हणजे जवळजवळ ९,९०० फूट. हिमालयाच्या मानानं हा पायथ्याकडचाच डोंगर. मसुरीहून यमुना पूल, नैनबाग करत मोटार पंतवाडीला पोचते. हे नाव ऐकून मराठी माणसाला आपण कोकणातच उतरलो की काय असं वाटावं! पण समोर भाताची खाचरं नसतात, डोंगरउतारावरची पायऱ्यापायऱ्यांची शेतं असतात आणि त्यांच्या वर बांज आणि देवदाराचं रान. आकाश स्वच्छ असेल तर माथ्यावरून उत्तरेला बंदरपूंछ, स्वर्गारोहिणी ही हिमशिखरं दिसतात. एवढ्या थोड्या खर्चात आणि एवढ्या थोड्या दिवसांत हिमालयाचं असं दर्शन क्वचितच घडतं.

आता चढणीकडे पाहू. पंतवाडी समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फुटांवर आहे. म्हणजे माथा गाठायला पाच हजार चारशे फूट चढायचं. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, त्याची समुद्रसपाटीपासूनची सारी उंचीही तेवढीच, ५,४०० फूट. पण बारी गावातून निघणारा माणस त्यातली निम्मीच चढतो, बाकीची त्याच्यासाठी मोटार चढलेली असते. पंतवाडीहून निघणाऱ्याला मात्र ती सगळी पायांनीच चढावी लागते, आणि दिवस मावळायच्या आत उतरावीही लागते.

हा दिवसही आपल्याकडच्यापेक्षा लहान असतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुंबईत सूर्य सकाळी सातनंतर उगवतो आणि सहा वाजून गेल्यावर मावळतो. मसुरीकडे उगवतो जवळपास त्याच वेळी, पण मावळतो पाच-वीसच्या सुमारास. सकाळ ओळखीची वाटते म्हणून माणूस गाफील राहतो, आणि संध्याकाळी त्याचा पाऊण तास कमी भरतो. त्यातून दाट रानात आणि डोंगराच्या सावलीच्या बाजूला अंधार त्याहूनही आधी येतो.

स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ या गिर्यारोहकानं १८९२ साली एक सोपा ठोकताळा सांगितला होता. दर तीन मैलांना एक तास धरावा आणि दर दोन हजार फूट चढणीला आणखी एक तास. इथे एका बाजूचं अंतर साधारण आठ-नऊ किलोमीटर. म्हणजे चालीचे पावणेदोन तास, चढणीचे पावणेतीन, मिळून साडेचार. पण हा ठोकताळा धडधाकट, सवयीच्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचा. आपल्याबरोबर बारा वर्षांची मुलगी असते, पंचावन्न वर्षांचे वडील असतात, वाटेत फोटो असतात, चहा असतो. घरच्या मंडळींना सहा तास धरलेले बरे. उतरायला चार, कारण बर्फावरून आणि गोठलेल्या वाटेवरून उतरताना पाय जपूनच टाकावे लागतात आणि गुडघ्यांची खरी परीक्षा तेव्हाच होते. सकाळी साडेसहाला निघालं तर माथ्यावर साडेबारा, गावात परत साडेचार. सूर्यास्तापर्यंत हातात उरतो तो पाऊण-एक तास. सगळ्या दिवसाची शिल्लक म्हणावी तर एवढीच.

ही शिल्लक खर्च व्हायला वेळ लागत नाही. कुणाचा बूट चावतो, कुणी घसरून बसतं, सावलीच्या बाजूला बर्फ गुडघाभर लागतं. सह्याद्रीत असा उशीर झाला तर चांदण्यात उतरतो, नाहीतर गडावरच्या एखाद्या देवळात रात्र काढतो आणि पुढे वर्षभर ती गोष्ट रंगवून सांगतो. इथे ती सोय नाही. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे गावात जेवढी थंडी, त्याहून माथ्यावर दहा अंशांनी अधिक. चढताना घामानं भिजलेला सुती बनियन थांबल्याबरोबर अंगावर गार फडक्यासारखा चिकटतो. अंगातली ऊब फार कमी झाली की माणूस कुडकुडतो, मग त्याची जीभ अडखळते, बोटांना बटण लावता येत नाही, पाय लटपटतात. गंमत म्हणजे तो स्वतः मात्र “मला काही झालेलं नाही” असंच सांगत राहतो. म्हणून एकमेकांकडे लक्ष ठेवावं. आठ हजार फुटांच्या वर एखाद्याचं डोकं दुखू लागतं, मळमळतं. ते वाढू लागलं तर त्यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे खाली उतरणं.

माथ्याच्या अलीकडे नागदेवतेचं देऊळ लागतं. गुराढोरांचं रक्षण करणारा देव म्हणून आसपासच्या गावांची त्याच्यावर श्रद्धा आहे. देवळापासून माथ्याकडे जाणारी वाट रानातून चढते आणि हिवाळ्यात तिथे बर्फ असण्याचा संभव अधिक. साहजिकच खरा निर्णय बहुतेक वेळा इथे घ्यावा लागतो. घड्याळात साडेबारा वाजलेले असतात, माथा अजून तासाभरावर असतो. आगगाडीचं आरक्षण दोन महिने आधी केलेलं, रजा मोठ्या मिनतवारीनं मिळालेली, मुलांनी शाळेत सांगून ठेवलेलं. अशा वेळी “आलोच आहोत तर” हे तीन शब्द फार महागात पडू शकतात. जो सर्वांत दमलेला असतो तोच सर्वांत गप्प असतो, आपल्यामुळे सगळ्यांचा विरस नको म्हणून. दर्शनाला आलेला गावकरी देवळाशी हात जोडून परत फिरला तर त्याची वारी अपुरी राहिली, असं कुणी म्हणत नाही. मग शहरातून आलेल्यांनीच ते का मनाला लावून घ्यावं?

म्हणून परतीची वेळ वर ठरवू नये, आदल्या रात्री जेवताना ठरवावी. साडेबारा तर साडेबारा. शिखर समोर दिसत असलं तरीही. ती वेळ घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावी, आणि ज्यांच्याकडे मुक्काम असेल त्यांनाही सांगून ठेवावी. घड्याळ सांभाळायचं काम घरातल्या सर्वांत धाकट्याकडे द्यावं. वडिलांनी वेळ झाली म्हटलं की वाद होतो, बारा वर्षांच्या मुलीनं म्हटलं की सगळे हसत हसत वळतात. चाल सर्वांत सावकाश चालणाऱ्याची धरावी आणि त्यालाच पुढे ठेवावं. गावातला माहीतगार वाटाड्या घ्यावा, वनखात्याचे त्या वेळचे नियम विचारून घ्यावेत.

पाठीवर फार ओझं नको, पण काही गोष्टी हव्यातच. प्रत्येकाची वेगळी विजेरी हवी, कारण थंडीत मोबाइलची बॅटरी झपाट्यानं उतरते आणि तिच्या उजेडाचा भरवसा धरता येत नाही. कोरडा बनियन, मोजे, कानटोपी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून. हातात काठी. थर्मासमध्ये गरम पाणी, कारण थंडीत तहान लागल्याचं कळत नाही आणि पाणी प्यायचं राहून जातं. खायला दशम्या, चिक्की, खजूर. हातमोजे न काढता तोंडात टाकता येईल असं काहीतरी खिशात असावं.

एवढं करूनही देवळापासून परतावं लागलं, तर लागलं. फेब्रुवारीच्या अखेरीस त्याच डोंगरावर सूर्य सहा वाजून गेल्यावर मावळतो, म्हणजे संध्याकाळी पाऊण तासाहून अधिक उजेड मिळतो. बर्फ तेव्हाही थोडंफार असतं. आणि त्या सुमारास खालच्या रानात बुरांसाची लाल फुलं उमलू लागतात, जी नाताळात गेलेल्यांना पाहायला मिळत नाहीत.