पहिली गोळी घेतली, म्हणजे लगेच निर्धास्त?

माला-एनचे पाकीट आणले, रात्री पहिली गोळी घेतली, आता काळजी मिटली, हा समज नातेपुत्यापासून पुण्यापर्यंत सगळीकडे आहे. तो अर्धाच खरा आहे.

प्रश्न आहे तो गोळी पाळीच्या कितव्या दिवशी सुरू केली याचा. पाळी आल्यापासून पहिल्या पाच दिवसांत सुरू केली, तर संरक्षण लगेच मिळते. त्यानंतर सुरू केली, तर आधी गरोदर नसल्याची खात्री हवी आणि पुढचे सात दिवस निरोध वापरायला हवा किंवा संबंध टाळायला हवेत. गोळीतील संप्रेरके बीजांडकोशातून बीज बाहेर पडू देत नाहीत, पण ती पकड बसायला सलग सात गोळ्या लागतात. दहाव्या-बाराव्या दिवशी सुरुवात केली, तर तोवर बीज जवळजवळ तयार झालेले असू शकते.

एवढी दोन वाक्ये पाकीट देणाऱ्याने बोलायला काय हरकत आहे? सरकारी दवाखान्यात गोळी फुकट मिळते, आशाताई घरपोच देतात. मेडिकलच्या काउंटरवर मात्र पाकीट कागदात गुंडाळून, खालच्या मानेने दिले-घेतले जाते. र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले ते १९२१ मध्ये. शंभर वर्षांनंतरही संकोच तिथेच आहे आणि त्याचा भुर्दंड बाईलाच पडतो.

आणखी एक घोळ पाळी पुढे ढकलण्याच्या गोळीचा. वारी, लग्न, घरातली पूजा, काहीही असो, ही गोळी गावोगाव सर्रास घेतली जाते. नातेपुते तर माउलींच्या पालखीच्या मुक्कामाचे गाव. पण पाळी लांबली म्हणजे गर्भ राहणार नाही, असे अजिबात नाही. ती गर्भनिरोधक गोळी नव्हे.

माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. २१ संप्रेरकांच्या, ७ लोहाच्या. लोहाची गोळी चुकली तरी बिघडत नाही. नवे पाकीट दोन-तीन दिवस उशिरा सुरू करणे मात्र सर्वांत धोक्याचे, कारण खंड सात दिवसांपेक्षा लांबतो. एखादी गोळी विसरली तर आठवताक्षणी घ्यावी. सलग तीन किंवा अधिक चुकल्या, तर पुन्हा सात दिवस निरोध. रोज न चुकता घेतल्यास वर्षभरात शंभरातील एकीलाही गर्भ राहत नाही. प्रत्यक्षात गोळ्या चुकतात, म्हणून हा आकडा सातच्या आसपास जातो.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत मळमळ होते, मधेच डाग दिसतात. 'गोळी मानवत नाही' म्हणून अनेकजणी इथेच थांबतात आणि नेमका तेव्हाच गर्भ राहतो. डाग दिसले तरी गोळी चालू ठेवायची.

मूल सहा महिन्यांचे होईपर्यंत अंगावर पाजणाऱ्या आईने ही गोळी घेऊ नये. तिच्यासाठी 'छाया' आहे. लखनौच्या संशोधन संस्थेत तयार झालेली, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घ्यायची. रक्तदाब जास्त असेल, रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील किंवा क्षयाचे औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय माला-एन सुरू करू नये.

एवढे करूनही पाळी चुकली, तर आशाताईंकडे लघवीच्या तपासणीचे किट असते. गर्भ असल्याचे दिसले, तर गोळी बंद करून दवाखाना गाठावा. आधी घेतलेल्या गोळ्यांनी बाळात व्यंग येते, याला आधार नाही.