पाया खणण्यापूर्वी जमिनीचा पूर्वेतिहास विचारा

रुग्ण समोर बसला की औषधाच्या आधी त्याचा पूर्वेतिहास विचारावा, हे आपणा सर्वांना वॉर्डातल्या पहिल्याच दिवसांत शिकविले जाते. जमिनीलाही पूर्वेतिहास असतो, हे मात्र मला पस्तीस वर्षे व्यवसाय केल्यानंतर उमगले.

काही वर्षांपूर्वी माझ्या दवाखान्यात एका नव्या वसाहतीतील चार-पाच कुटुंबे त्वचेच्या तक्रारी घेऊन वारंवार येत असत. वसाहत एका जुन्या कारखान्याच्या जागेवर उभी होती आणि उन्हाळ्यात तेथे बोरिंगचे पाणी वापरले जाई. मंडळींनी पाण्याचा अहवाल आणून दाखविला. जिवाणूंची तपासणी निर्दोष होती. ‘पाणी चांगले आहे’ असे सांगून मी मोकळा झालो. जड धातू वा रसायने यांची तपासणी त्या कागदावर नव्हतीच, हे माझ्या ध्यानात आले तोवर त्यातील दोन कुटुंबे घर सोडून गेली होती. त्यांचा त्रास पाण्यामुळेच होता, असे मी आज म्हणू शकत नाही. तसे नव्हते, असेही म्हणू शकत नाही. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी ‘नॉर्मल’ समजलो, ही माझी चूक. प्रस्तुत लेखाचे कारण तीच आहे.

एकेकाळी इंदूरची सकाळ गिरण्यांच्या भोंग्यांनी होत असे. मालवा, हुकमचंद, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी ही नावे आता बसथांब्यांपुरती आणि आठवणींपुरती उरली आहेत. हुकमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि कामगारांच्या देण्यांचे सुमारे २२४ कोटी रुपये २०२३ च्या डिसेंबरात, म्हणजे बत्तीस वर्षांनी सुटले. आता अशा जागांवर नव्या इमारतींचे आराखडे आखले जात आहेत. तेथील झाडांविषयी नागरिक बोलले, हे उत्तमच झाले. झाडांच्या मुळांखाली काय आहे, हेही तितक्याच तळमळीने विचारले पाहिजे. गिरणी म्हणजे केवळ सूत आणि माग नव्हे. तेथे रंगशाळा असते, बॉयलरची राख असते, इंधनाच्या टाक्या आणि ट्रान्सफॉर्मरचे तेल असते. कोणतीही विशिष्ट जमीन दूषित आहे, असे माझे म्हणणे नाही. पण तपासल्याखेरीज ती स्वच्छ आहे, असेही कोणी म्हणू नये.

ही तपासणी आपल्या शास्त्राशी विलक्षण मिळतीजुळती आहे. प्रथम पूर्वेतिहास: जुने नकाशे, परवाने, आणि सर्वांत मोलाचे म्हणजे वृद्ध कामगारांच्या आठवणी. रंगाचे पाणी कोठे सोडले जाई, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार? नंतर नमुने: ठरावीक अंतरावर छिद्रे पाडून वेगवेगळ्या खोलींवरची माती घ्यायची. मग निरीक्षण-विहिरी. भूजल कोणत्या दिशेने वाहते हे कळण्यासाठी एका सरळ रेषेत नसलेल्या निदान तीन विहिरींतील पातळी मोजावी लागते. माळव्यात काळ्या मातीखाली बेसाल्ट आहे आणि पाणी त्याच्या भेगांतून वाट काढते. म्हणून एका बोरिंगचे पाणी शुद्ध निघाले, तरी शेजारच्याची हमी देता येत नाही. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर असे दोनदा नमुने घेणे म्हणूनच आवश्यक.

अखेरचा प्रश्न असा की विष आहे कोठे, ते कोणत्या मार्गाने जाते आणि पोहोचते कोणापर्यंत. या तिघांची साखळी जुळली तरच धोका. आणि ती कोठे तोडायची, हाच उपचार. येथे घरगुती उपाय चालत नाहीत. पाणी उकळल्याने जंतू मरतात, क्रोमियम वा शिसे मरत नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात क्रोमियमची मर्यादा लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम आणि शिशाची ०.०१ मिलिग्रॅम आहे. डोळ्यांना, जिभेला ती कळत नाही.

दुर्लक्षाची किंमत आपल्याला दूर शोधावी लागत नाही. भोपाळच्या कारखान्यातील ३३७ टन कचरा २०२५ च्या जानेवारीत आपल्या शेजारी पीथमपुरास आणून पुढे जाळण्यात आला. गोण्यांतील कचरा ट्रकमध्ये चढला. माती आणि भूजल यांत उतरलेले विष मात्र मागेच राहिले.

जुलै २०२५ मध्ये केंद्र शासनाने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. संशयित जागांची यादी करणे, तपासणी करणे आणि प्रदूषण करणाऱ्याकडून खर्च वसूल करणे यांची तरतूद त्यात आहे. परंतु जागा यादीत येण्यासाठी आधी कोणाला तरी संशय यावा लागतो. तो संशय घेण्याचे काम आपले आहे.

यावर दोन आक्षेप येतात. तपासणीस खर्च व वेळ लागतो, आणि लोक विनाकारण घाबरतात. पहिल्याचे उत्तर असे की, पाया भरल्यानंतर तीच माती काढणे कितीतरी महाग पडते. दुसऱ्याचे उत्तर आपण रोज देतो. तपासणीच्या भीतीने आपण रुग्णाचा एक्स-रे टाळतो काय?

म्हणून माझी सूचना अशी. जुन्या औद्योगिक जागेवरील कोणत्याही आराखड्यास मंजुरी देण्यापूर्वी माती व भूजलाचा अहवाल, बांधकाम करणाऱ्याशी हितसंबंध नसलेल्या संस्थेकडून करवून, जनतेसमोर ठेवावा. आपल्या संस्थेने तशी लेखी मागणी महानगरपालिकेकडे करावी. आणि आपण प्रत्येकाने केसपेपरवर एक ओळ वाढवावी: घर कोठे, पूर्वी त्या जागी काय होते, पाणी कोठले?

मी ती ओळ लिहू लागलो आहे. पूर्वीच लिहिली असती, तर त्या कुटुंबांना निदान खरे उत्तर तरी देता आले असते.